कन्यादान कोणी केले?

कुलवृत्तांत उघडला की नजर आधी आकड्यांवर जाते. जन्म शके अमुक, विवाह शके तमुक. वजाबाकी केली की पणजीचे लग्न नवव्या वर्षी झाल्याचे निघते, आणि वाचणारा एकतर हळहळतो, नाहीतर ‘त्या काळी तसेच होते’ म्हणून पान उलटतो. दोन्ही वेळा पणजी आहे तिथेच राहते. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म १८३१ चा आणि विवाह १८४० चा. आनंदीबाई जोशांचा जन्म १८६५ चा आणि विवाह १८७४ चा. दोघींचेही वय नऊ. एवढ्या माहितीवर या दोन बायकांविषयी काय सांगता येईल? जवळजवळ काहीच नाही.

म्हणून वंशेतिहास लिहायला बसलेल्यांनी वयाच्या जोडीला आणखी तीन गोष्टी शोधाव्यात. लग्नाला होकार कोणी दिला, कायद्याने किंवा शास्त्राने तो होकार कोणाचा लागत होता, आणि प्रत्यक्षात कन्यादानाला पाटावर कोण बसले. या तिन्ही जागी एकच माणूस सापडला तर ठीक. नाही सापडला, तर त्या घरात कोणीतरी मेले होते, भांडले होते, परगावी गेले होते किंवा वेगळे निघाले होते, एवढे नक्की. या पुस्तकात वयाचे तक्ते आहेत आणि संमतीचेही आहेत. माझा कल दुसऱ्यांकडे आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

तरी आकड्यांची झाडाझडती आधी करावी लागते, कारण तिथेच पहिली फसगत होते. शकाचा इसवी सन करताना सगळे ७८ मिळवतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर असते. पण शक बदलतो गुढीपाडव्याला आणि सन बदलतो जानेवारीत. माघ शके १८०२ मधले लग्न १८८० चे नव्हे, १८८१ चे. आपल्याकडे माघ-फाल्गुन हे भर लग्नसराईचे महिने, म्हणजे ही एका वर्षाची चूक नेमकी लग्नांच्याच बाबतीत वारंवार होते. त्यात वय मोजण्याच्या रीती दोन. घरातली माणसे ‘दहावे लागले’ म्हणतात, कायदा ‘दहा पूर्ण’ म्हणतो. मुंज तर गर्भापासून मोजलेल्या आठव्या वर्षी. तीच मोजणी कोणी बहिणीच्या लग्नाला लावली की आणखी वर्ष इकडे-तिकडे. दोन-तीन चुका एकाच दिशेने पडल्या की अकरा वर्षांची मुलगी कागदावर नवाची होते.

जन्मतारखाही तशाच. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा जन्म १ जूनला झाला आहे, तो मास्तरांच्या कृपेने. शाळा जूनमध्ये उघडत. तारीख ठाऊक नसलेल्या पोराला तीच चिकटवली जाई. शाळेच्या जनरल रजिस्टरातला आकडा सरकारदरबारी चालतो, म्हणून तो खराच असतो असे नाही. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तो अधिक भरवशाचा. पण त्यात पुष्कळदा ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढेच असते, नाव नसते. चार बहिणींपैकी ती कोणती, हे धाकट्या-थोरल्याचा क्रम लावून ठरवावे लागते. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्यांत पुरुषांच्या पिढ्या नीट सापडतात. लेकींची लग्ने तिथे शोधणे बहुतेक व्यर्थ.

आता कायदा. १ एप्रिल १९३० पूर्वी ब्रिटिश हद्दीतल्या हिंदूंच्या नेहमीच्या, धार्मिक विधीने होणाऱ्या लग्नाला कायद्याने किमान वयच नव्हते. हे वाक्य मी मुद्दाम सुटे लिहिले, कारण छापील कुलवृत्तांतांतसुद्धा ‘१८९१ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय बारा झाले’ असे विधान भेटते. ते चूक आहे. १८६० च्या दंडसंहितेत शरीरसंबंधाला मुलीच्या वयाची दहा वर्षांची मर्यादा होती, ती नवऱ्यालाही लागू होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ती बारा केली. लग्न केव्हाही लावायला मोकळीक होतीच. बेहरामजी मलबारींच्या १८८४ च्या टिपणांपासून पेटलेला आणि कलकत्त्यात १८९० साली फुलमणी दासी या कोवळ्या मुलीच्या मृत्यूने भडकलेला तो वाद महाराष्ट्रात टिळक एकीकडे, आगरकर, तेलंग, भांडारकर दुसरीकडे असा रंगला. पण वादाचा विषय गर्भाधान हा होता. घराचा इतिहास लिहिणाऱ्याला यातून एक व्यवहारी गोष्ट घ्यायची आहे. लग्न आणि सासरी नांदायला जाणे या दोन वेगळ्या तारखा. लग्न १८८० चे आणि पहिले मूल १८८८ चे दिसले की मधली मुले दगावली असतील किंवा नवस-सायास झाले असतील अशा गोष्टी रचण्याची घाई करू नये. मुलगी मधली काही वर्षे माहेरी असेल, इतकेच.

मग आला १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, लोकांच्या तोंडी शारदा कायदा. हरविलास सारडांचे आडनाव आपण देवीच्या नावात मिसळून टाकले. त्याआधी गावोगावच्या साक्षी घेऊन अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होते. मुलगी चौदा, मुलगा अठरा. कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर झाला, अंमल एप्रिलपासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर जी लगीनघाई उडाली तिची नोंद १९३१ च्या जनगणनेलाही घ्यावी लागली. मराठी घरांच्या वंशावळींत ती शके १८५१ या सालाखाली सापडते. योगायोग असा की तो शक आणि कायद्यापूर्वीची मुदत एकदोन दिवसांच्या फरकाने एकदमच संपली. एकाच घरातल्या दोन-तीन लेकींची लग्ने त्या सालात एका मांडवात उरकलेली दिसली, आणि धाकटीचे वय सात-आठ निघाले, तर ते कुळाचे वळण समजू नये. ते कायद्याला चुकवणे होते. धाकटीचे वय घरातल्या आधीच्या पिढीपेक्षाही कमी का, याचा उलगडा यातून होतो.

हा कायदा मोडून झालेले लग्न रद्द होत नसे. शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद आणि हजार रुपयांपर्यंत दंड. फिर्याद वर्षाच्या आत करायची, आणि फिर्याद करणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंत तारण मागितले जाई. शेजाऱ्याच्या मुलीसाठी इतका उपद्व्याप कोण करतो! म्हणून १९३० नंतरही बारा-तेरा वर्षांच्या नवऱ्यामुली नोंदींत दिसतात, त्यात नवल नाही. कायदा ब्रिटिश हद्दीपुरता होता, हेही ध्यानात ठेवावे. मराठवाडा निजामाकडे, कोल्हापूर-सांगली-मिरज-औंध आपापल्या राजांकडे. उलट बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ सालीच मुलीला बारा आणि मुलाला सोळा अशी मर्यादा घालून मोडणाऱ्या पालकांना दंड बसवले होते. पुण्याचे घर आणि बडोद्याच्या नोकरीत गेलेली त्याच घराची शाखा, यांच्या मुलींच्या वयांत फरक दिसला तर बडोदेकर आपोआप सुधारक ठरत नाहीत.

वयाची कथा इथपर्यंत. संमतीची कथा जुनी आहे आणि माझ्या दृष्टीने जास्त बोलकी.

कन्यादानाचा अधिकार कोणाचा, याचा क्रम याज्ञवल्क्यस्मृतीत दिला आहे: बाप, आजोबा, भाऊ, कुळातला कोणी, आणि सर्वांच्या शेवटी आई. यांतले कोणीच नसेल तर मुलीने स्वतः वर निवडावा. आता १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याकडे या. त्याची ख्याती विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक दिल्याबद्दल आहे, पण त्याच्या सातव्या कलमाकडे फारसे कोणी बघत नाही. मुलगी अज्ञान असेल आणि पहिल्या नवऱ्याशी तिचा संबंध आलेला नसेल, तर पुनर्विवाहाला बापाची संमती हवी; बाप नसेल तर आजोबाची; तो नसेल तर आईची; मग थोरल्या भावाची; मग जवळच्या पुरुष नातेवाइकाची. संमतीवाचून असे लग्न लावायला मदत करणाऱ्याला शिक्षा, आणि पतिपत्नींचा संबंध आलेला नसेल तर न्यायालय लग्न रद्दही ठरवू शकते. हिंदू मुलीच्या लग्नाला कोणाचा होकार लागतो हे इंग्रजी अमलात कायद्याच्या भाषेत इतके स्पष्ट लिहिले गेले ते विधवेच्या निमित्ताने! पहिल्या लग्नाला असे काही लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. तिथे होकार गृहीतच होता. त्यापुढचा भाग त्याहून महत्त्वाचा. विधवा सज्ञान असेल, किंवा पहिले लग्न संबंधाने पूर्ण झालेले असेल, तर तिची स्वतःची संमती पुरे.

गोदूबाई जोशी आठव्या वर्षी विधवा झाल्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा विवाह झाला तेव्हा त्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. कायद्याच्या नजरेने त्यांना कोणालाही विचारायचे नव्हते. तरी कर्व्यांनी बोलणे केले ते आधी त्यांच्या वडिलांशी. वंशावळीत ‘पुनर्विवाह, १८९३’ एवढेच लिहिले तर हा सगळा भाग गळतो. ‘वधूची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी, वडिलांची संमती घेतली’ असे लिहिले तर दोन काळ एका ओळीत येतात.

पुढे हाच होकार कसा पालटत गेला ते पाहा. १८५६ मध्ये तो बापाचा हक्क आहे. १९३० नंतर चौदा वर्षांखालच्या मुलीसाठी दिला तर तोच बापाचा गुन्हा आहे. पालक म्हणून आईलाही जबाबदार धरले, पण कोणत्याही स्त्रीला या कायद्याखाली कैद होणार नाही अशी तरतूद ठेवली. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा. वर अठरा, वधू पंधरा; आणि वधू पंधरा ते अठराच्या मध्ये असेल तर पालकाची संमती ही लग्नाची अट. पालकांचा क्रम असा: बाप, त्याच्या पाठोपाठ आई, मग आजोबा, आजी, सख्खे भाऊ आणि त्यांत थोरला आधी, सावत्र भाऊ, चुलते, आणि पुढे आजोळ: आईचे वडील, आईची आई, शेवटी मामा. स्मृतीत शेवटी असलेली, १८५६ मध्ये तिसरी असलेली आई इथे दुसरी झाली. शंभर वर्षांत एक पायरी! आजोळ तर पूर्वीच्या दोन्ही क्रमांत नावानिशी नव्हतेच, ते इथे शेपटाला का होईना पण आले. वराला मात्र अठरा पूर्ण झाले की कोणाची संमती नको.

म्हणून काय कागदावर नसलेल्या आया आणि मामा लग्ने लावत नव्हते? भरपूर लावत. बाप परागंदा, व्यसनी, नाहीतर दुसरा संसार थाटून बसलेला. आईने माहेरच्या आधाराने मुलगी उजवून टाकली, आणि बाप कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच अशा खटल्यांत भूमिका घेतली की विधी यथासांग झाला असेल आणि फसवणूक किंवा जबरदस्ती नसेल, तर केवळ बापाची संमती नव्हती म्हणून लग्न मोडत नाही. झाले ते झाले. घरात ‘आजीचे लग्न मामांनी पळवून नेऊन लावले’ अशी दंतकथा असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. जिल्हा न्यायालयाच्या जुन्या दप्तरात तिचा पुरावा सापडू शकतो.

संमती ही मुलींपुरतीच गोष्ट नव्हती, हे विसरून चालत नाही. महादेव गोविंद रानडे १८७३ साली एकतीस वर्षांचे होते, न्यायखात्यात अधिकारी होते, विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी होते. पहिली पत्नी वारल्यावर वडिलांनी ठरवलेल्या अकरा वर्षांच्या कुर्लेकरांच्या मुलीशी त्यांनी त्याच वर्षी लग्न केले. तीच पुढे रमाबाई रानडे. कायद्याने रानड्यांना कोणाचा होकार लागत नव्हता. वडिलांचा शब्द मात्र मोडवला नाही. रमाबाईंच्या आठवणींत हे सगळे आले आहे, आणि बाईंनी ते ज्या संयमाने लिहिले आहे तो शिकण्यासारखा आहे. आपल्या पणजोबांचे लग्न चाळिशीत, तिसऱ्यांदा, वडील हयात असताना झालेले दिसले तर निर्णय पणजोबांचा होता असे धरून चालू नका.

आणि मुलीची संमती? तो प्रश्न रखमाबाईंनी कोर्टात नेला असे म्हणतात. खरे तर कोर्टात नवरा गेला होता. त्यांचे वडील त्यांच्या लहानपणीच वारलेले, आईचा पुनर्विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झालेला, रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलेले. मुलगी नांदायला येत नाही म्हणून दादाजींनी १८८४ साली दावा केला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या लग्नाला कायद्याच्या दृष्टीने काहीही कमी नव्हते, वय नव्हे की वडीलधाऱ्यांचा होकार नव्हे. वंशावळीच्या रकान्यांत ते निर्दोष दिसले असते.

आता कागद कसे वाचायचे. जुनी लग्नपत्रिका हाती लागली तर मुहूर्त वाचण्याआधी ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ च्या पुढचा शब्द पाहा. ‘आमची कन्या’ की ‘आमची पुतणी’, ‘आमची भाची’, ‘आमची भगिनी’? खाली सही कोणाची? भाऊ निमंत्रक असेल तर बाप बहुधा वारलेला. पण कन्यादानाला काका-काकू बसले एवढ्यावरून बाप वारल्याचा निष्कर्ष काढू नये. कन्यादान दांपत्याने करायचे ही चाल असल्यामुळे आई वारली असली तरी विधुर बाप बाजूला उभा राही. निमंत्रण बापाचे आणि कन्यादान चुलत्याचे, म्हणजे आई नाही. निमंत्रण चुलत्याचे आणि कन्यादानही त्याचेच, म्हणजे बाप नाही. अगदी अचूक नसला तरी बहुतेक घरांत हा ठोकताळा चालतो. याद्या आणि आहेराच्या वह्या जपलेल्या असतील तर मानाची वस्त्रे कोणाला दिली ते पाहावे. ज्याच्या होकारावर घोडे अडले असते त्याचा मान तिथे ठळक असतो.

दुसरा कागद जमिनीचा. फेरफारात किंवा सातबाऱ्यावर मुलांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता किंवा पालनकर्ती, आणि पुढे आईचे किंवा चुलत्याचे नाव असते. बाप मुले लहान असताना वारला याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. ज्या वर्षी ही नोंद पडली त्यानंतरची लग्ने त्या पालनकर्त्याच्या होकाराने झाली असे समजून पुढे शोधावे. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाप हयात असतानाही घरातला शब्द त्या थोरल्या भावाचा असू शकतो. एक सावधगिरी मात्र हवी. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याने अठराव्या वर्षी सज्ञान होणे ठरले, आणि न्यायालयाने पालक नेमला असेल तर एकविसाव्या; पण लग्न, घटस्फोट, दत्तक या बाबी त्यातून वगळल्या होत्या. जमिनीच्या कामी अज्ञान असलेला मुलगा लग्नाच्या कामी सज्ञान असू शकत होता.

बाकी समाजांचे नियम तक्त्यांत सविस्तर आहेत. इथे दिशा तेवढी दाखवतो. पारशांच्या १८६५ च्या कायद्यात एकविसाखालच्या वधूवरांना बापाची किंवा पालकाची संमती लागे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही एकविसाच्या आत संमती, पण विधवा-विधुरांना ती अट नाही. देशी ख्रिस्ती वराला सोळा आणि वधूला तेरा वर्षे उलटलेली असावी लागत. त्याच वर्षीचा नोंदणी विवाहाचा कायदा मुलाला अठरा, मुलीला चौदा वर्षे सांगून एकविसापर्यंत दोघांनाही बापाची संमती मागतो, आणि आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे नाही असे लिहून मागतो. पूर्वजाचे असे प्रतिज्ञापत्र सापडले की घरात धर्मांतराची अफवा उठते, म्हणून हे सांगून ठेवले. मुसलमान घरांत निकाहनाम्यावर वलीचे नाव पाहावे. बापाने लहानपणी लावून दिलेला निकाह, पंधरा वर्षांआधीचा असेल आणि संबंध आलेला नसेल तर, अठराच्या आत नाकारण्याचा हक्क मुलीला १९३९ च्या कायद्याने मिळाला.

गोव्याची गोष्ट वेगळीच. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि त्याच डिसेंबरात नागरी विवाहाचा कायदा झाला; तो गोव्यालाही लागू झाला. मुलगा अठरा, मुलगी सोळा, एकविसाच्या आत आईबापांची संमती. सावंतवाडीच्या आणि पेडण्याच्या सोयरिकी सर्रास होत. शेजारच्या दोन गावांत अशी दोन राज्ये आणि दोन वये होती. आजी मूळची गोव्याची असेल तर तिच्या लग्नाची सरकारी नोंद, पोर्तुगीजांत का होईना, मिळण्याची शक्यता महाराष्ट्रातल्या तिच्या जावेपेक्षा कितीतरी जास्त.

शेवटचा टप्पा अजून माणसांच्या तोंडी जिवंत आहे, आणि त्याची घाई करायला हवी. १ ऑक्टोबर १९७८ पासून वधूचे वय अठरा आणि वराचे एकवीस झाले, आणि पालकांच्या संमतीचे ते कलमच गाळले गेले. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला ते लागणारच नव्हते. म्हणजे १९५५ ते १९७८ या काळात पंधरा ते अठराच्या दरम्यान लग्न झालेल्या बायका या त्या कलमाखालच्या पहिल्या आणि शेवटच्या. त्यांतल्या पुष्कळ आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांना ‘तुमचे लग्न कितव्या वर्षी झाले’ असे विचारले तर त्या अंदाजे सांगतात, कधी लाजून वर्ष-दोन वर्षे वाढवूनही. ‘लग्न ठरवायला कोण गेले होते, घरात नको कोण म्हणाले, कन्यादानाला कोण बसले’ असे विचारले तर नावानिशी, नात्यानिशी, कोणत्या सुनेने कोणते लुगडे नेसले होते इथपर्यंत सांगतात. नोंद करताना वयापुढे ‘अंदाजे’ लिहा, सांगणाऱ्याचे नाव लिहा, आणि संमतीसाठी वेगळी ओळ ठेवा: ‘ठरवले: थोरले चुलते. कन्यादान: मामा-मामी. वडील हयात, गैरहजर.’ गैरहजेरीचे कारण कळले नाही तर जागा कोरी सोडा. एखादी चुलत आत्या पुढे कधीतरी ते पान वाचेल आणि फोन करील.